प्रमुख पाहुणे ‘स्टॅगर’ करत मंचावर आले, तर बिघडले कुठे?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. मराठी माध्यमाच्या शाळेत आपण नववीला इंग्रजी शिकवता. मुले निबंधात ओळीगणिक ‘वॉक’ लिहितात, म्हणून आपण त्यांना चालण्याच्या चाळीस इंग्रजी क्रियापदांची यादी मराठी अर्थांसह पाठ करायला दिलीत. त्यानंतर तपासायला आलेल्या वह्यांमधली तीन वाक्ये आपण उतरवून पाठवली आहेत. एका निबंधात वारकरी आळंदीहून पंढरपूरकडे ‘सॉन्टर’ करत निघाले आहेत, दुसऱ्यात आजी देवळात ‘वॉडल’ करत गेली आहे आणि तिसऱ्यात स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे ‘स्टॅगर’ करत मंचावर आले आहेत. यादीत या शब्दांपुढे अनुक्रमे ‘रमतगमत चालणे’, ‘डुलत चालणे’ आणि ‘हळूहळू, तोल सांभाळत चालणे’ असे अर्थ दिलेले असल्यामुळे मुलांना चूक म्हणता येत नाही आणि वाचताना खटकल्यावाचूनही राहत नाही, अशी आपली अडचण आहे. ही क्रियापदे मुळात शिकवावीत का, असेही आपण विचारले आहे.

शिकवावीत, मात्र चाळीस नव्हेत, आणि यादीच्या रूपात तर मुळीच नव्हेत. आपल्या यादीचा दोष असा, की तिने चालण्याचा वेग सांगितला आणि चालणाऱ्याची अवस्था गाळली. या क्रियापदांमध्ये वेग बहुधा दुय्यम असतो. पायांना काय झाले आहे, मनात काय चालले आहे, पायाखाली जमीन कशी आहे आणि लिहिणाऱ्याचे त्या माणसाबद्दल मत काय आहे, या गोष्टी त्यांत आधी येतात. आता पडतो की मग पडतो अशा रीतीने चालणे म्हणजे ‘स्टॅगर’. गुत्त्यातून बाहेर पडणारा, डोक्यावर फटका बसलेला किंवा पाठीवर न झेपणारे ओझे घेतलेला माणूस स्टॅगर करतो. पाहुणे वयस्कर होते आणि मंचाच्या पायऱ्या बेताबेताने चढले, एवढेच त्या विद्यार्थ्याला सांगायचे असणार. इंग्रजी वाचक मात्र पाहुणे येताना कुठे बसून आले, अशी शंका घेईल. ‘वॉडल’ हे बदकाचे चालणे आहे. पाय आखूड आणि अंग जड असल्यामुळे दोन्ही बाजूंना हेलकावे देत जाणाऱ्या पक्ष्याबद्दल ते निर्मळपणे वापरले जाते, माणसाबद्दल वापरले की मात्र टिंगल ठरते. ज्या नातीने ते वाक्य लिहिले, तिच्या मनात आजीबद्दल माया असेल, पण शब्दाने ती खोटी पाडली.

येथे एक गैरसमज दूर ठेवायला हवा. इंग्रजीत चालण्याला शेकडो शब्द आहेत आणि मराठीत एकच ‘चालणे’, असे शिक्षकांच्या तोंडूनही ऐकू येते, आणि ते खरे नाही. सासूबाई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या, असे म्हटले की पुढे काय वाढून ठेवले आहे ते नववीच्या मुलालाही सांगावे लागत नाही. बाळ लुटूलुटू येते, रागावलेला पाहुणा ताडताड निघून जातो, ठेंगणी बाई तुरुतुरु पुढे होते, चोर दबकत येतो, नवी नवरी ठुमकत येते आणि पायात काटा मोडलेला मुलगा लंगडत येतो. यांतले शब्द आपापसांत बदलून फळ्यावर लिहून पाहा. ‘बाळ ताडताड निघून गेले’ असे लिहिताच वर्ग हसेल, आणि ते हसू म्हणजेच मुलांना छटा कळतात याची पावती आहे. त्यांना इंग्रजी छटा कळत नाहीत, कारण आपण त्यांना या शब्दांपर्यंत न नेता ‘हळू चालणे’, ‘जोरात चालणे’ अशा कोरड्या अर्थांवर सोडून दिले. स्टॅगरसमोर ‘झोकांड्या खात जाणे’ लिहिले असते, तर प्रमुख पाहुणे सुखरूप मंचावर पोहोचले असते.

मग दोन भाषांमध्ये फरक कोठे आहे? तो वाक्याच्या बांधणीत आहे, आणि माझ्या मते आपल्या वर्गासाठी हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘तो लंगडत रस्ता ओलांडून गेला.’ येथे मुख्य क्रियापदांनी दिशा सांगितली, ओलांडणे आणि जाणे. चालण्याची रीत मात्र ‘लंगडत’ या धातुसाधिताकडे सोपवली. इंग्रजीत हीच वाटणी उलटी होते. ‘ही लिम्प्ट अक्रॉस द रोड’ या वाक्यात लंगडण्याने मुख्य क्रियापदाची जागा घेतली आणि ओलांडणे ‘अक्रॉस’ या छोट्या प्रेपोझिशनमध्ये जाऊन बसले. लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची या दृष्टीने जी विभागणी केली आणि १९८५ साली सविस्तर मांडली, तिच्यात इंग्रजी आणि जर्मन एका बाजूला येतात, तर स्पॅनिशसारख्या भाषा दुसऱ्या बाजूला. मराठी वाक्य बहुतांशी या दुसऱ्या बाजूने चालते. म्हणूनच मराठी मुलगा इंग्रजी लिहिताना ‘ही क्रॉस्ट द रोड लिम्पिंग’ असे लिहितो. हे वाक्य व्याकरणात चुकलेले नाही, त्यामुळे आपण त्यावर लाल रेघ ओढू शकत नाही. पण इंग्रजी बोलणारा सहसा तसे म्हणणार नाही.

यावरून शिकवण्याची एक सरळ वाट निघते, ती अशी की क्रियापद कधीही एकटे शिकवू नये, त्याच्या सोबत्यासह शिकवावे. ‘स्टॅगर’ नव्हे, ‘स्टॅगर आउट ऑफ’. ‘टिपटो’ नव्हे, ‘टिपटो इन्टू’. ‘ट्रज’ नव्हे, ‘ट्रज अप द हिल’ किंवा ‘ट्रज थ्रू द मड’. ‘सायडल’ नव्हे, ‘सायडल अप टू’, म्हणजे कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने बाजूबाजूने सरकत एखाद्याच्या जवळ जाणे. फळ्यावर डाव्या बाजूला मराठी वाक्य लिहा, ‘ती पाऊल न वाजवता खोलीत शिरली’, आणि ‘शिरली’ या शब्दाखाली रेघ ओढून उजवीकडे ‘इन्टू’खाली तशीच रेघ ओढा; मग ‘पाऊल न वाजवता’ आणि ‘टिपटोड’ यांना दुसऱ्या रंगाने जोडा. निघणे, शिरणे, चढणे, उतरणे, ओलांडणे ही आपली क्रियापदे तिकडे आउट, इन्टू, अप, डाउन, अक्रॉस होतात, हे पाच-सहा वाक्यांत मुलांच्या ध्यानात येते, आणि त्यानंतर नवे क्रियापद आले की ती सोबती आपणहून शोधू लागतात.

आता सावकाश चालण्याच्या शब्दांकडे येतो, कारण आपल्या यादीत सर्वांत जास्त गोंधळ तेथेच झाला आहे. ‘स्ट्रोल’ हे त्यांतले सर्वांत निरुपद्रवी आहे. जेवणानंतरची शतपावली, समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळची फेरी, काही काम नसताना बाजारातून मारलेला फेरफटका, हे सारे स्ट्रोल. ‘अँबल’ त्याच्या शेजारचे असून ते मूळचे घोड्याच्या एका सुखकर चालीचे नाव आहे, आणि गाईगुरे चरून घरी परतताना जशी चालतात तशा आरामशीर, घाई नसलेल्या चालण्याला ते शोभते. ‘सॉन्टर’ मात्र जपून हाताळायला हवे. त्यात नुसता आराम नसून बेफिकिरी दाखवण्याचा भाव असतो; मला कशाची घाई नाही आणि कोणाची पर्वाही नाही, हे चालण्यातून जाहीर केले जाते. तासाला वीस मिनिटे उशिरा येऊन, हात खिशात घालून, शिक्षकांकडे न पाहता शेवटच्या बाकाकडे जाणारा मुलगा ‘सॉन्टर्ड इन’. हे वाक्य लिहिणाऱ्याला त्या मुलाचा राग आला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. वारकऱ्यांना हा शब्द लावणे का चूक, ते आता उघड आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघून आषाढी एकादशीसाठी सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारा माणूस बेफिकीर नसतो.

मग वारकऱ्यांसाठी कोणता शब्द? आपण पत्रात ‘ट्रज’ सुचवला आहे. दिवे घाटाची चढण, पाऊस, चिखल आणि थकलेले पाय डोळ्यांसमोर आणले तर तो जवळचा वाटतो, पण माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. ‘ट्रज’ या शब्दात थकव्याबरोबर मन मेल्याचाही भाव आहे. जावेसे वाटत नाही आणि गेल्यावाचून गत्यंतर नाही, अशा चालण्याला ट्रज म्हणतात, आपल्याकडच्या ‘पाय ओढत जाणे’ला ते अगदी जवळचे आहे. शेवटची बस चुकल्यावर ओझे घेऊन गावापर्यंत केलेली पायपीट म्हणजे ट्रज. ‘प्लॉड’ हे त्याहून सोसणारे आहे. त्यात जडपणा आणि संथपणा असला तरी न थांबता पुढे जात राहण्याची चिकाटीही आहे, म्हणूनच कंटाळवाणे काम नेटाने करत राहण्यालाही ‘प्लॉड ऑन’ म्हणतात. पण टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर, अभंग म्हणत, मध्येच फुगडी घालत जाणाऱ्या दिंडीला तेही लागू पडत नाही. येथे ‘वॉक’ हाच शब्द योग्य आहे: वारकरी आळंदीपासून पंढरपूरपर्यंत ‘वॉक’ करतात. अंतर मोठे असले, कारण मोठे असले, की साधे क्रियापद पुरते, आणि पुरते एवढेच नव्हे तर तेच शोभते. मुलांना ठसठशीत क्रियापदे वापरा म्हणून सांगताना हे सांगायचे राहून जाते, आणि मग त्यांना वाटते की ‘वॉक’ लिहिणे म्हणजे गुण घालवणे. इंग्रजीतले चांगले लेखक दहांपैकी बहुतेक वेळा ‘वॉक’च लिहितात. दिंडीतला एखादा क्षण जवळून दाखवायचा असेल, तर मात्र नेमका शब्द घ्यावा, जसे की गर्दीतून वाट काढत पालखीच्या रथापर्यंत पोहोचणाऱ्या बाईसाठी ‘मेड हर वे’, आणि टाचेला फोड आल्याने चपला हातात घेऊन कसाबसा चालणाऱ्या म्हाताऱ्यासाठी ‘हॉबल्ड’.

‘हॉबल’ आणि ‘लिम्प’ यांतला फरक विद्यार्थी नेहमी विचारतात. एका पायाला दुखापत झाली असून त्यावर भार टाकता येत नाही, तेव्हा ‘लिम्प’. दोन्ही पाय दुखत आहेत, सांधे धरले आहेत, किंवा बूट इतका चावतो आहे की एकेक पाऊल जपून टाकावे लागते, तेव्हा ‘हॉबल’. क्रिकेटच्या समालोचनात खेळाडू ‘लिम्प्ट ऑफ द फील्ड’ असे ऐकू येते, ते पायाचा स्नायू दुखावल्यामुळे. याच घरातले तिसरे म्हणजे ‘शफल’, म्हणजे पाऊल न उचलता जमिनीवर घासत नेणे. पहाटे डोळे न उघडता चपला फरफटत मोरीकडे जाणारा माणूस शफल करतो, दवाखान्याच्या रांगेत एकेक पाऊल पुढे सरकणारे लोकही शफल करतात. पत्ते पिसण्यालाही हाच शब्द आहे, हे मुलांना माहीत असते, तेव्हा त्याचा उपयोग करून घ्यावा. मात्र ज्याच्या पायाला कायमचे अपंगत्व आहे अशा माणसाबद्दल लिहिताना त्याचे चालणे सांगण्याची गरज आहे का, हे आधी विचारायला शिकवा. बहुतेक वेळा गरज नसते.

तोल जाण्याच्या शब्दांमध्ये ‘स्टॅगर’ आपण पाहिले. ‘लर्च’ म्हणजे एकाएकी एका बाजूला झुकणे. एस. टी.ने अचानक ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी जसे पुढे फेकले जातात, तसे, आणि बसच्या त्या हिसक्यालाही लर्चच म्हणतात. ‘टॉटर’ हे अशक्त पायांचे डुगडुगणे आहे, ते फार म्हाताऱ्या माणसाला, नुकत्याच उभ्या राहिलेल्या बाळाला आणि उंच टाचांची सवय नसलेल्या मुलीला सारखेच लागू पडते. बाळ जरा सरावले की ते ‘टॉडल’ करते, आणि म्हणून एक ते तीन वर्षांच्या मुलाला ‘टॉडलर’ म्हणतात. हा शब्द आता आपल्याकडच्या पाळणाघरांच्या पाट्यांवरही दिसतो. ‘स्टम्बल’ म्हणजे ठेच लागणे, अडखळणे. प्रमुख पाहुण्यांसाठी मुलाला काय लिहिता आले असते, असे आपण विचाराल, तर ‘वॉक्ट स्लोली अप टू द स्टेज’ हे उत्तर आहे. ‘स्लोली’ लावले म्हणून वाक्य कमी प्रतीचे होत नाही.

ऐटीच्या शब्दांत घोळ कमी आहे, तरी एक जोडी समजावून द्यावी लागते. ‘स्ट्राइड’ म्हणजे लांब ढांगा टाकत, काय करायचे ते ठरवून चालणे. त्यात गर्व नाही, निश्चय आहे, त्यामुळे पाहुण्यांना तेही चालले असते. ‘स्ट्रट’ आणि ‘स्वॅगर’ या दोहोंत मात्र दिखावा आहे. छाती काढून, मान ताठ ठेवून, कोंबड्यासारखे चालणे म्हणजे ‘स्ट्रट’, आणि ते पाहून लोक गालातल्या गालात हसतात. ‘स्वॅगर’मध्ये खांदे उडवत, वाट अडवत, मला कोण विचारणार या थाटात चालणारा गल्लीतला दादा दिसतो, त्याला पाहून कोणी हसत नाही, निदान तोंडावर नाही. तरुणांच्या बोलण्यातला ‘स्वॅग’ कौतुकाचा झाला असल्यामुळे मुले ‘स्वॅगर’ही कौतुकाने वापरतात, तेव्हा इशारा द्यावा. ‘मार्च’ हे सैनिकांचे संचलन असले तरी रागाने, जाब विचारायच्या हेतूने एखाद्याच्या कार्यालयात घुसण्यालाही ते वापरतात. एक अवांतर गोष्ट अशी की आपला ‘मोर्चा’ या मार्चवरून आला असे अनेकांना वाटते. तो फारसीतून आलेला जुना लष्करी शब्द आहे आणि त्याचा मूळ संबंध खंदकाशी, मोर्चेबंदीशी आहे. अर्थात इंग्रजी वर्तमानपत्रे मोर्चाला मार्चच म्हणतात. २०१८ साली मार्च महिन्यात नाशिकहून मुंबईला आलेल्या शेतकऱ्यांच्या पदयात्रेला तर मराठीतही सर्वांनी ‘लाँग मार्च’च म्हटले.

‘पेस’ शिकवायला फार सोपे आहे, कारण मराठीत त्याला तंतोतंत जोडीदार आहे, येरझाऱ्या घालणे. शस्त्रक्रिया चालू असताना बाहेरच्या व्हरांड्यात नातेवाईक जे करतात, ते ‘पेसिंग अप अँड डाउन’.

लपूनछपून चालण्याच्या शब्दांत हेतू पाहावा. बाळ जागे होऊ नये म्हणून आई ‘टिपटो’ करते. कोणी पाहू नये म्हणून मुलगा सिनेमाला जाताना ‘स्नीक आउट’ करतो. दोघांचे पाऊल वाजत नाही, पण एकीच्या मनात काळजी आहे आणि दुसऱ्याच्या मनात चोरी. ‘स्लिंक’ म्हणजे शरमेने, शेपूट घातल्यासारखे निघून जाणे. ‘प्राउल’ हे सावज शोधत फिरणाऱ्या श्वापदाचे चालणे आहे, आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये बिबट्या दिसला की इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘लेपर्ड ऑन द प्राउल’ असा मथळा येतो. असे मथळे कापून वर्गात लावावेत, कारण पुस्तकातल्या वाक्यापेक्षा ते मुलांना खरे वाटतात. ‘वेड’ या क्रियापदासाठी तर दर पावसाळ्यात ताजे उदाहरण मिळते. गुडघाभर, कमरेभर पाण्यातून पाय रेटत जाणे म्हणजे वेड, आणि २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला त्या दिवशी, लाखो मुंबईकरांनी घर गाठण्यासाठी जे केले ते नेमके हेच होते. पाण्यात पोहणे वेगळे आणि किनाऱ्यावर पाय भिजवणे वेगळे. वेडमध्ये पाणी अंगाला विरोध करत असते.

भटकण्याच्या शब्दांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘वॉन्डर’ म्हणजे ठरलेले ठिकाण नसताना भटकणे, आणि ‘वॉन्डर ऑफ’ म्हणजे जत्रेत आईचा हात सोडून मूल भलतीकडे जाणे. आश्चर्य वाटण्याच्या ‘वंडर’शी त्याची स्पेलिंगमध्ये गल्लत होते, फरक फक्त दुसऱ्या अक्षरातल्या ए आणि ओचा आहे. ‘रोम’ म्हणजे मोठ्या मुलखात मोकळे फिरणे, हुंदडणे. ‘रॅम्बल’ हे ब्रिटिशांच्या खास आवडीचे आहे. गावाबाहेरच्या रानवाटांनी हौसेने चालणे असा त्याचा अर्थ असून या हौसेसाठी त्यांनी लढाही दिला आहे: २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामकऱ्यांनी किंडर स्काउट या खासगी मालकीच्या डोंगरावर मनाई मोडून पाऊल ठेवले आणि त्यापायी काही जण तुरुंगातही गेले. ‘ट्रेक’बाबत आपल्याकडे एक मजेदार अदलाबदल झाली आहे. हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या भाषेतून इंग्रजीत आला, त्याच्या मुळाशी ‘ओढणे’ हा अर्थ आहे आणि बैलगाड्यांतून केलेल्या लांबलचक, कष्टाच्या प्रवासाला तो लावला जात असे. इंग्लंडमध्ये आजही ट्रेक म्हटले की अनेक दिवसांची अवघड चाल अपेक्षित असते आणि एका दिवसात डोंगर चढून उतरण्याला ते ‘हाइक’ म्हणतात. आपल्याकडे मात्र सकाळी राजगड चढून संध्याकाळी पुण्याला परतणाराही ट्रेकला गेलेला असतो. भारतीय इंग्रजीत हे रुळले आहे, तेव्हा त्यावर गुण कापू नयेत. परदेशी वाचकासाठी लिहायचे असेल तेव्हा फरक सांगावा म्हणजे झाले.

या सगळ्यांतून नववीसाठी निवड करायची झाली, तर मी स्ट्रोल, ट्रज, लिम्प, स्टॅगर, टिपटो, मार्च, स्ट्राइड, पेस, वॉन्डर आणि वेड एवढीच घेईन आणि बाकीची वाचनात भेटतील तेव्हा भेटू देईन. शिकवताना अर्थ सांगण्याआधी मुलांना चालायला लावावे. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात पुढे आणलेली, आज्ञा ऐकून अंगाने प्रतिसाद देण्याची पद्धत आपल्या बी. एड.च्या अभ्यासात आली असेल. तिच्यासाठी या क्रियापदांइतका सोयीचा विषय दुसरा नाही. एका मुलाला चिठ्ठी द्यावी, त्याने दारापासून फळ्यापर्यंत चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे चालत यावे आणि वर्गाने क्रियापद ओळखावे. मात्र ओळखणाऱ्याने नुसता शब्द न सांगता पूर्ण वाक्य सांगावे आणि कारणही जोडावे: तो स्टॅगर करत वर्गात आला, कारण त्याच्या पाठीवर पोते आहे. हे ‘कारण’ जोडण्याची सक्ती ठेवली की मुलांच्या हातून छटा सुटत नाही. ‘सॉन्टर’ करून दाखवणारा मुलगा मिळायला मात्र आपल्याला फार शोधावे लागणार नाही, असे वाटते.

या फुलोऱ्याकडे वळण्याआधी साध्या ‘वॉक’च्या दोन चुका काढून टाकाव्यात, कारण त्या निबंधात अधिक डाचतात. ‘आय केम बाय वॉक’ हे ‘बाय बस’च्या चालीवर रचलेले वाक्य महाराष्ट्रभर ऐकू येते; इंग्रजीत पायी येण्याला ‘ऑन फूट’ म्हणतात, आणि त्याहून सरळ म्हणजे ‘आय वॉक्ट’. तसेच ‘आय गो फॉर वॉकिंग’ नव्हे, ‘आय गो फॉर अ वॉक’. याशिवाय ‘वॉक’ला कर्मही घेता येते, हे मुलांना नवे वाटते: कुत्र्याला फिरवून आणणे म्हणजे ‘वॉक द डॉग’, आणि मैत्रिणीला सोबत करून घरापर्यंत पोहोचवणे म्हणजे ‘वॉक हर होम’. घड्याळ, दुकान आणि संसार मराठीत चालतात, इंग्रजीत त्यांपैकी एकही वॉक करत नाही, हेही एकदा सांगून ठेवावे.

राहता राहिला भूतकाळ. त्याचा उच्चार देवनागरीत लिहून दाखवला तर मुलांच्या जिभेवरचे ‘वॉकेड’ आणि ‘लिम्पेड’ जाते. प, क, च यांसारख्या अघोष व्यंजनांनंतर शेवटी ट ऐकू येतो, म्हणून वॉक्ट, लिम्प्ट, मार्च्ट; घोष व्यंजनांनंतर आणि स्वरांनंतर ड येतो, म्हणून स्ट्रोल्ड, ट्रज्ड, टिपटोड; आणि मूळ क्रियापदच ट किंवा ड या ध्वनीने संपत असेल तर एक अवयव, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, वाढतो, म्हणून वेडिड, प्लॉडिड, स्ट्रटिड. लिहिताना ‘प्लॉड’ आणि ‘स्ट्रट’ यांचे शेवटचे अक्षर दुप्पट होते, ‘वॉन्डर’ आणि ‘स्टॅगर’ यांचे होत नाही, कारण त्यांच्या शेवटच्या अवयवावर आघात नाही. ‘स्ट्राइड’चा भूतकाळ ‘स्ट्रोड’, ‘क्रीप’चा (दबकत जाणे) ‘क्रेप्ट’ आणि ‘स्लिंक’चा ‘स्लंक’ होतो; ही तीन पाठच करावी लागतात. ‘टिपटो’ला आयएनजी लावताना शेवटचा ई तसाच ठेवावा, विद्यार्थी तो सवयीने गाळतात आणि तपासणाऱ्याच्या नजरेतूनही ते सुटून जाते.